पीएचडी नागपुरातच पार्ट-टाइम करू, की फेलोशिप घेऊन बाहेर पडू?

प्रश्न थोडक्यात (नाव, कॉलेज, ओळख पटेल असं सगळं काढून): वय २९, एम. फार्म., फार्माकॉलॉजी. नागपूरजवळच्या एका खासगी फार्मसी कॉलेजात शिकवते, पगार अठ्ठावीस हजार आणि तोही दोन-दोन महिने उशिरा. लग्नाला तीन वर्षं झाली, नवरा वीज कंपनीत इंजिनिअर, सासू-सासरे सोबत. सासऱ्यांची बायपास झाली तेव्हापासून हृदयरोगावरच रिसर्च करायचा हे डोक्यात पक्कं. सीएसआयआर नेट या देशपातळीवरच्या परीक्षेत जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची सरकारी फेलोशिप, निघालं आणि तिरुअनंतपुरमच्या एका संस्थेत निवडही झाली. तेवढ्यात ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाच्या चार वर्षांच्या फंडेड कार्डिओव्हॅस्क्युलर पीएचडी प्रोग्रामची ऑफर आली, उत्तर द्यायला तीन आठवडे आहेत. इकडे प्राचार्य म्हणतात, कशाला जाता मॅडम, इथेच पार्ट-टाइम रजिस्ट्रेशन करून टाका. "ताई, घर मोडून परदेशी जाण्यापेक्षा इथेच केलेली बरी ना? डिग्री तर तीच मिळते. आणि तिशीत पुन्हा विद्यार्थी होणं शोभतं का?"

उत्तर:

तुझी मेल चांगली लांबलचक आहे. त्यात सासूबाई काय म्हणाल्या ते आहे, मावससासू काय म्हणाल्या ते आहे, प्राचार्य आहेत, शेजारच्या काकूंनाही दोन ओळी मिळाल्या, पण नवरा काय म्हणतो ते कुठेच नाही. एका ठिकाणी फक्त "तो हो म्हणणार नाही हे मला माहीत आहे" एवढं लिहिलं आहे, म्हणजे तू विचारलंच नाही. मग घर मोडायला निघालं कोण बाप्पा? आधी हे काम कर, बाकी सगळं नंतर. घरी नको बोलू, संध्याकाळी फुटाळ्यावर नाहीतर अंबाझरीला घेऊन जा आणि ऑफर लेटर मोबाइलवर उघडून सरळ त्याच्या हातात दे, कारण तोंडी सांगायला गेली तर तू माफी मागितल्यासारखं सांगशील, मला तुझ्या मेलच्या सुरावरूनच दिसून राहिलं.

बोलायच्या आधी एक नियम माहीत करून घे. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना नवरा, बायको, मुलं सोबत आणायला बंदी केली, पण पीएचडी आणि रिसर्चच्या डिग्रीवाल्यांना मुभा ठेवली आहे आणि सोबत आलेल्या जोडीदाराला तिथे नोकरीही करता येते. म्हणजे खरे प्रश्न असे की त्याच्या कंपनीत विनावेतन रजा किती मिळते, मिळाली तर त्याला यायचं आहे का, नाही मिळाली तर वर्षातून कितीदा भेटणं परवडेल, सासऱ्यांचं फॉलोअप कोण बघेल. हे अवघड आहे, पण बसून ठरवता येतं. आणि गंमत बघ, तिरुअनंतपुरमला गेली तरी तू नागपुरात नसणारच आहे, रेल्वेने दीड दिवसाचा रस्ता, तरी त्या ऑफरबद्दल घर मोडायची भाषा तुझ्या पत्रात एकदाही नाही. म्हणजे अडचण दूर राहण्याची आहे की विमानाची, हे तुझं तूच एकदा बघ.

आता पार्ट-टाइमचं. डिग्री तीच मिळते हे खरंच आहे, मी नाकारत नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पार्ट-टाइम पीएचडी आहे, कॉलेजचं एनओसी लागतं, कोर्सवर्क सगळ्यांसारखंच, आणि त्या कागदावर नागपुरात प्रोफेसरपर्यंतचा रस्ता मोकळा होतो. तुला शिकवण्यातच राहायचं असेल, वर्गात मजा येत असेल, तर हा पर्याय तडजोड म्हणून नको घेऊ, तोच पहिला पर्याय समज. पण तू त्याच पत्रात लिहिलं की वर्गात जायचा कंटाळा आला आहे आणि लॅबची आठवण येते. मग?

तुझं एम. फार्म.चं थीसिस कशावर होतं ते तू सांगितलंच आहे. रॅटला आयसोप्रोटेरेनॉल टोचून हृदयाला इजा करायची, त्याआधी काही दिवस एखाद्या झाडाचा अर्क पाजायचा, मग एसओडी, कॅटालेज ही एन्झाइम्स आणि लिपिड पेरॉक्सिडेशन, म्हणजे पेशींतल्या चरबीचं नुकसान, मोजायचं आणि अर्क कार्डिओप्रोटेक्टिव्ह, म्हणजे हृदय जपणारा, आहे म्हणून लिहून टाकायचं. आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजांत अशी थीसिसं कपाटं भरून आहेत, झाडाचं नाव बदलतं, आलेख तसेच राहतात. प्राचार्य जे रजिस्ट्रेशन करून टाका म्हणून राहिले ते बहुतेक हेच आहे, फक्त अर्काच्या जागी अर्काचा नॅनोपार्टिकल. शिकवणं, नॅकच्या तपासणीची तयारी, परीक्षेच्या ड्युट्या, आणि उरलेल्या वेळात रॅट, तेही अ‍ॅनिमल हाउसचं रजिस्ट्रेशन चालू असेल तर आणि एथिक्स कमिटीची मीटिंग वेळेवर झाली तर. केमिकलचे पैसे कोण देणार ते त्यांना विचारलं का? बहुतेक तूच, त्या अठ्ठावीस हजारांतून.

नागपुरात राहून चांगलं काम होत नाही असा मात्र याचा अर्थ नको काढू. उलट काही प्रश्न इथेच सुटू शकतात. विदर्भात सिकलसेल आहे, त्यात वर्षानुवर्षं ॲनिमिया राहून हृदयाचा आकार वाढतो, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचं प्रेशर वाढतं, आणि असे पेशंट लंडनच्या लॅबला शोधावे लागतील, इथे ते मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत रांगेत उभे आहेत. मे महिन्यातल्या पंचेचाळीस डिग्रीत हृदयाच्या पेशंटचं, त्यांच्या बीपीच्या आणि लघवीच्या गोळ्यांचं काय होतं, हाही फार्माकॉलॉजीवाल्या माणसाचाच प्रश्न आहे. मेडिकल, सुपर स्पेशालिटी किंवा एम्सच्या एखाद्या कार्डिओलॉजिस्टला को-गाइड म्हणून घेऊन असा विषय मिळत असेल तर मी स्वतः म्हणेन, थांब. पण तसा गाइड, तसा विषय आज समोर नाही, समोर रजिस्ट्रेशनचा फॉर्म आहे.

आता जरा नाजूक बोलते. सासऱ्यांच्या बायपासमुळे हा विषय डोक्यात बसला हे चांगलंच आहे, पण या चार-पाच वर्षांतून त्यांच्यासारख्या पेशंटला काही मिळेल असं समजून जाशील तर दुसऱ्या वर्षीच खचशील. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेचा चित्रा व्हॉल्व्ह माहीत आहे ना, डॉ. वलियाथन यांच्या टीमने सत्तरच्या दशकात काम सुरू केलं, मधली मॉडेलं फसली, आणि पेशंटच्या हृदयात पहिला व्हॉल्व्ह बसला तो डिसेंबर १९९० मध्ये. आणि ते तर चक्क वापरायचं उपकरण होतं. तुझ्या वाट्याला येईल तो एखाद्या प्रोटीनचा एखादा तुकडा.

रोजचं काम कसं असतं ते सांगते, कारण पीएचडी करायची का याचं उत्तर मला तरी तिथेच सापडतं. लांगेनडॉर्फ सेटअप तू पुस्तकात वाचला असशील, १८९५ सालची पद्धत आहे आणि अजून चालते. रॅटला भूल द्यायची, रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन द्यायचं, हृदय काढून बर्फाळ सोल्युशनमध्ये टाकायचं, आणि मग तो महाधमनीचा नूडलसारखा बुळबुळीत तुकडा चिमट्याने काचेच्या नळीवर चढवून रेशमी दोऱ्याने बांधायचा, हे सगळं दोन-तीन मिनिटांत, कारण उशीर झाला की स्नायू मरायला लागतो. बांधलं, नळी सोडली, ३७ डिग्रीचं ऑक्सिजन भरलेलं क्रेब्स नावाचं क्षार-साखरेचं सोल्युशन आत गेलं की ते हृदय शरीराबाहेर पुन्हा धडधडायला लागतं. पहिल्यांदा बघताना अंगावर काटा येतो. पण हवेचा एक बुडबुडा कोरोनरीत, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत, गेला की तो दिवस वाया, तो प्राणी वाया, आणि शिकताना असे कितीतरी दिवस जातात. दुसऱ्या लॅबमध्ये प्राणी नसतील तर स्टेम सेलपासून बनवलेल्या हृदयाच्या पेशी असतील, त्या डिशमध्ये धडधडतात खऱ्या, पण त्यांचं मीडियम, म्हणजे पोषक द्रव, दिवाळीलाही बदलावं लागतं. हे वाचून तुझे हात शिवशिवले तर जा. "करावं लागेल, काय करणार" असं वाटलं तर एवढी वर्षं कोणत्याच देशात घालवू नको.

माझा अंदाज आहे की शिवशिवले. म्हणून उरलेल्या दोन पर्यायांबद्दल, तिरुअनंतपुरम आणि ब्रिटनबद्दल, बोलू.

पैसा. लोक फंडेड पीएचडीला फुकट शिक्षण म्हणतात आणि तुझ्या मावससासूला त्यात काहीतरी लोचा वाटतो. ती स्कॉलरशिप कमी आणि कामाचा मोबदला जास्त असते, एवढं त्यांना सांग. जर्मनीत तर पीएचडीवाल्याला बहुतेक वेळा रीतसर नोकरीचं काँट्रॅक्टच देतात. आपलं जेआरएफ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० आहे, दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे सीनिअर फेलोशिप, झालं की ४२,०००, वर घरभाडं भत्ता, एकूण पाच वर्षं. म्हणजे आजच्या पगारापेक्षा जास्तच. फक्त तो एक तारखेला येईल असं धरू नको, फेलोशिप अडकण्याच्या तक्रारी देशभर असतात, तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच घर सोड.

ब्रिटनमध्ये सरकारी रिसर्च कौन्सिलांचा किमान स्टायपेंड २०२५-२६ साठी वर्षाला २०,७८० पाउंड आहे, त्यावर टॅक्स नाही. ब्रिटिश हार्ट फाउंडेशन, म्हणजे १९६१ पासूनची हृदयरोगावरची धर्मादाय संस्था, जुन्या कपड्यांची, फर्निचरची दुकानं चालवून आणि देणग्यांतून रिसर्चला पैसा देते, अशा संस्थांचे दर वेगळे असतात. तुझ्या ऑफरमध्ये पैसा कोणाचा ते तू लिहिलं नाही. काहीही असो, पाउंडाला रुपयाने गुणून खूश नको होऊ, लंडन असेल तर अर्ध्याच्या वर भाड्यातच जातं, ग्लासगो, मँचेस्टरकडे जरा श्वास घेता येतो. महत्त्वाचं हे की अनेक ठिकाणी फंडर फक्त तिथल्या विद्यार्थ्यांएवढी फी भरतो, परदेशी विद्यार्थ्याची फी त्याच्या कितीतरी पट असते, आणि मधला फरक विद्यापीठ माफ करणार की तू भरणार हे ऑफर लेटरात कधी कधी एका वाक्यात लपलेलं असतं. ते वाक्य शोध. सापडलं नाही तर मेल टाकून लेखी उत्तर घे, फोनवरचं "डोन्ट वरी" चालणार नाही.

दुसरा खड्डा व्हिसाचा. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा सरचार्ज विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पाउंड आहे आणि तो व्हिसाच्या अर्जासोबतच सगळ्या वर्षांचा एकदम भरावा लागतो, चार वर्षांचे झाले ३,१०४ पाउंड, म्हणजे स्टायपेंडचा पहिला हप्ता हातात यायच्या आधी तीन लाखांच्या वर गेले. नवरा सोबत येणार तर त्याचे वेगळे. काही विद्यापीठं हे पैसे परत देतात, विचारायला लाजू नको. एज्युकेशन लोन या रकमेपुरतंच काढ, फीसाठी लोन काढायची वेळ येत असेल तर ती ऑफर फंडेड नाहीच असं समज.

पैशापेक्षा मला तुझ्या ब्रिटनच्या ऑफरमधली दुसरी गोष्ट आवडली. अशा चार वर्षांच्या प्रोग्राममध्ये साधारणपणे पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये काही-काही महिने काम करून मग गाइड आणि विषय ठरवायचा असतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जिथे जागा रिकामी तिथे तू, आणि मग पाच-सहा वर्षं त्याच खोलीत. तू पाच वर्षं लॅबपासून लांब आहे, तुला हात परत बसवायला आणि माणसं पारखायला ते पहिलं वर्ष सोन्यासारखं आहे. उलट बाजू अशी की या लॅब फिरण्यात (रोटेशनमध्ये) एक वर्ष गेलं की प्रोजेक्टला तीनच उरतात, आणि चौथं संपलं की स्टायपेंड बंद. तिथलं लिखाण लांबलेले लोक कॅफेत काम करत थीसिस पुरं करतात. आपल्याकडेही पाच वर्षांची फेलोशिप संपते आणि थीसिस सहाव्या वर्षी जमा होतं, तेवढा काळ कोण पोसतं ते विचारून ठेव.

तिरुअनंतपुरमला कमी समजू नको. भारतीयांच्या हृदयाचे काही प्रश्न इथल्या लोकांनीच सोडवले. एमवायबीपीसी३ नावाच्या जीनमधला २५ बेस-पेअरचा तुकडा गळालेला असला तर हृदय निकामी होण्याचा धोका वाढतो आणि भारतीय उपखंडातल्या साधारण ४ टक्के लोकांमध्ये तो गळालेला आहे, हे २००९ मध्ये पुढे आलं, त्यात हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचा मोठा वाटा होता. तिरुअनंतपुरम, हैदराबाद, बंगळुरूचं इनस्टेम, लखनौचं सीडीआरआय, इथे हृदयावर गंभीर काम होतं. मग परदेश की देश हा प्रश्न बाजूला ठेव आणि दोन्हीकडच्या गाइडची चौकशी कर. गाइडकडून नाही, पोरांकडून. आत्ता थीसिस जमा करणारा एक, आणि अर्ध्यात सोडून गेलेला एक, असे दोन जण प्रत्येक ठिकाणी शोध, लॅबच्या जुन्या पेपरवर नावं असतात, लिंक्डइनवर सापडतात. त्यांना "सर कसे आहेत" नको विचारू, सगळे चांगलेच सांगतात. विचार, की शेवटचे तीन विद्यार्थी किती वर्षांत सुटले, पेपरवर पहिलं नाव कोणाचं, आणि घरी कोणी आजारी पडलं तेव्हा सुट्टी कशी मिळाली. सोडून गेलेला माणूस पहिलं वाक्य बोलायला जेवढा वेळ घेतो त्यातच अर्धं उत्तर असतं. हे दोन्ही ठिकाणी केलं नाही तोवर कोणालाच हो म्हणू नको.

तिशीचं काय घेऊन बसली. तिकडे पीएचडीला तीस-पस्तिशीची माणसं सर्रास असतात, आणि पाच वर्षं कंटाळलेल्या वर्गाला फार्माकोकायनेटिक्स शिकवलेली बाई स्वतःचं काम स्टेजवरून समजावण्यात बावीस वर्षांच्या पोरांच्या पुढेच असेल. खरा प्रश्न तू कंसात लिहिला आहे, मुलाचा. तो कंसात ठेवण्यासारखा नाही. यूजीसीच्या नियमांत मातृत्व आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे आणि सहा वर्षांच्या मुदतीवर बायकांना दोन वर्षांची सूट आहे. ब्रिटनमध्ये बहुतेक फंडर पगारी मॅटर्निटी देतात, पण किती आठवडे आणि पुढे मुदत वाढते का हे तुझ्या फंडरच्या नियमांत वाचूनच घे. दिवस गेले की लॅबमध्ये आयसोफ्लुरेनसारखी भूल, रेडिओअ‍ॅक्टिव्ह कामं, काही केमिकल टाळावी लागतात, त्यामुळे प्रोजेक्ट निवडतानाच हे डोक्यात ठेव, मूल झाल्यावर नको. सासूबाईंना हे सगळं सांगायची गरज नाही, नवऱ्याला आहे.

तुझं पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी पण दोन-चार गोष्टी. जेआरएफ नाही निघालं तर डीबीटीची, म्हणजे केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाची, बीईटी परीक्षा, आयसीएमआरची जेआरएफ आहे. राज्याच्या फेलोशिपांत ओबीसी, व्हीजेएनटी पोरांसाठी महाज्योती आहे, तिचं ऑफिस तर नागपुरातच आहे, अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबींसाठी सारथी, आणि त्यांच्या जाहिराती येतात तेव्हा कागद तयार नसतात म्हणून निम्मे लोक हुकतात, नॉन-क्रीमी लेयर आणि व्हॅलिडिटी आजच काढून ठेवा. युरोपात मारी क्युरी नेटवर्कच्या पीएचडीच्या जागा हृदयरोगातही निघतात, त्यात अट एवढीच की आधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नको, म्हणजे नागपूरवाल्यांचा तर फायदाच. अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या टी३२ ट्रेनिंग ग्रँटकडे बघून वेळ घालवू नका, ती नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच मिळते, आपल्याला विद्यापीठाचा किंवा गाइडचा पैसा शोधावा लागतो.

तर माझं मत, तू विचारलं म्हणून. फी-माफीचं लेखी उत्तर आलं आणि जुन्या पोरांशी बोलून एखादी तरी लॅब चांगली निघाली, तर ब्रिटन घे. फी-माफी नाही मिळाली तर तिरुअनंतपुरम, आणि त्यात कमीपणा अजिबात नाही. नवरा म्हणाला की मला एक वर्ष दे, बाबांची तब्येत आणि रजेचं बघतो, तर ब्रिटनवाल्यांना प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का ते विचार, काही प्रोग्राम मानतात, काही नाही. जेआरएफच्या पत्रालाही मुदत असते, ती आजच बघ, नाहीतर इकडे वाट बघता बघता तिकडचं हातचं जायचं. पार्ट-टाइमचा फॉर्म मात्र या तीन आठवड्यांत भरू नको, प्राचार्य कितीही मागे लागले तरी, तो पुढच्या वर्षीही मिळतो.

आणि कॉलेजचं. जॉइन होताना ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतल्या म्हणून लिहिलं आहे. राजीनाम्याचा विषय काढायच्या आधी त्या काढून घे, व्हिसाला, पासपोर्टला, कशालाही लागतात म्हणून माग, हे खोटंही नाही. थकलेल्या पगाराचा महिनावार हिशोब मेलवर लिहून अकाउंट्सला पाठव आणि त्यांचं उत्तर जपून ठेव. एक्सपिरियन्स लेटरवर तारखा आणि शिकवलेले विषय लिहून घे, नुसतं "वर्क्ड विथ अस" नको. नोटीस पीरियड एक महिना आहे की सेमिस्टर संपेपर्यंत, ते अपॉइंटमेंट ऑर्डरच्या मागच्या पानावर असतं, आज संध्याकाळी काढून बघ.